कुंकू लावलेली दोन रिळं

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आलं! कंट्रोलर चिपचं रीळ (लांब फितीवर गुंडाळलेल्या चिप) अखेर आलं. होळीच्या आसपास ऑर्डर दिलेली, आणि उगवलं कधी, तर पितृपक्षात. शेठ म्हणाले, "मॅडम, बॉक्स फोडू नका. घट बसले की बघू." हे दिनेश म्हात्रे. इंजिनिअर, माझ्याहून चांगले दहा वर्षांनी लहान, आणि तरी सगळ्यांचे शेठ. मी म्हटलं, तैवानला पितृपक्ष नसतो हो. हसले. बॉक्स तसाच स्टोअरच्या कोपऱ्यात.

सारखी जाऊन बघून येतेय. संतोष (स्टोअरवाला) म्हणाला, "मॅडम, पळून नाही जायचं ते." याला काय कळतंय. सहा महिने ज्याच्यासाठी तोंडाला फेस आला ते हे. अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडचं. चिप बनली तिथपासून डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या दारापर्यंत कोणाकोणाच्या हातातून आली, सगळ्याचा कागद आहे. पुण्याच्या पंपवाल्यांना तेच तर हवंय. सलाईनमधून औषध मोजून सोडणारा पंप त्यांचा, त्याच्या आतला बोर्ड आमचा.

दहा तारखेला त्यांचे सप्रे येणार. आम्ही विश्वासू की नाही ते ठरवणार. नाही ठरलो तर ऑर्डर गेली, आणि ऑर्डर गेली तर लाईन बंद, लाईनवरच्या बायका घरी. "ह्या लॉटमधली प्रत्येक चिप अस्सल, मधे कुठेही हात लागलेला नाही" ह्या कागदावर सही कोणाची? क्वालिटीवाल्या वैजयंतीबाईंची. म्हणजे माझी.

दाढ ठणकतेय. डावीकडची, खालची.

२३ सप्टें., मंगळ

घट बसले, बॉक्स उघडला. आतली चंदेरी व्हॅक्यूम पिशवी मात्र मी फोडू दिली नाही. हवा लागली की चिप दमट होतात, लाईनवर घ्यायच्या दिवशीच फोडायची. पिशवीवर डिस्ट्रिब्युटरचा स्टिकर. स्कॅन केला, लखलखीत सगळं जुळलं. जीव भांड्यात.

मग लाल पिंजऱ्याकडे लक्ष गेलं आणि डोकं परत तापलं. नाकारलेला माल आम्ही त्यात कुलपात ठेवतो. त्यात ते दुसरं रीळ आहे. उन्हाळ्यात माल मिळेना तेव्हा शेठनी विठ्ठलवाडीच्या एका माणसाकडून आणलेलं. "आपला माणूस आहे मॅडम, अस्सल माल." अस्सल माल, आणि कागद एक नाही! कुठून आलं विचारलं तर म्हणे "आलं". जुन्या बोर्डांवरनं उपटून, घासून, नवं नाव छापलेलं पण असेल. नसेल पण. कोण सांगणार? मी सरळ लाल स्टिकर मारला आणि पिंजऱ्यात टाकलं. तो परत घेत नाही आणि शेठ फेकू देत नाहीत.

आज गंमत बघितली. त्याच्या लेबलावरचा लॉट नंबर आणि आपल्या नव्या रिळावरचा, सेम टू सेम. म्हणजे एकाने दुसऱ्याचा उतरवलाय. कोणी ते सांगायला नको. शेठना दाखवलं. म्हणाले, "बघा, म्हणजे अस्सलच असेल." हात टेकले.

२९ सप्टें., सोम

दाढेचा निकाल: रूट कॅनॉल. डॉक्टरची वेळ मिळाली नेमकी बुधवारची, खंडेनवमीची. कंपनीत मशीनची पूजा असते त्या दिवशी. आय स्वतः येते पूजेला. शेठची आई, पण आख्खी कंपनी तिला आयच म्हणते. तरुणपणी मिठागरात टोपल्या वाहिल्यात तिने. आता नातेवाईकांनी जमिनीवर टॉवर उभे केलेत, भाडी खात बसलेत, आणि हिच्या मुलाने त्याच जमिनीच्या पैशात चिप चिकटवायची लाईन टाकली. भावकी अजून हसते म्हणे. आय नाही हसत. दर वर्षी येऊन प्रत्येक मशीनला स्वतःच्या हाताने कुंकू लावते.

संतोषला बजावलंय: मशीनला हार घाला, नारळ बाहेर फोडा, पाण्याचा थेंब आत नको. "हो मॅडम, हो मॅडम." इतक्या पटापट हो म्हणणाऱ्या माणसाची मला धास्तीच वाटते.

१ ऑक्टो., बुध

अर्धं तोंड बधिर. सुहासने (नवरा) आंबिलीसारखं काहीतरी करून दिलंय, ते पण गळतंय.

दुपारी ग्रुपवर पूजेचे फोटो आले. झेंडू, केळीचे खांब, आय मधोमध नवीन लुगड्यात. छान वाटलं. मग एक फोटो मोठा करून बघितला. ताटाशेजारी पाटावर दोन रिळं. पिशवीविना. उघडी, कुंकवाचा टिळा लावलेली. दोन!

संतोषला फोन लावला. तोंडातून शब्द फुटेना, नुसतं "अं अं" होतंय, आणि तो पलीकडून "मॅडम तुम्हालाही खंडेनवमीच्या शुभेच्छा." फोन सुहासच्या हातात दिला, म्हटलं, म्हणजे खुणेने सांगितलं, तू विचार. त्याने विचारलं. उत्तर ऐकून मला म्हणाला, "अगं, म्हणतोय सगळं नीट आत ठेवून कुलूप लावलंय. झोप आता."

झोप म्हणे.

२ ऑक्टो., दसरा

सुट्टी. कंपनीच्या किल्ल्या शेठकडे, शेठ गावकीच्या कार्यक्रमात, फोन बंद. सोनं वाटायला लोक येताहेत, मी दारात उभी राहून हसतेय आणि दाढेला हात. सुहास म्हणाला, "चेहरा बघ. दसऱ्याला आलेत की समाचाराला?" त्याच्यावर खेकसले. मग वाईट वाटलं.

३ ऑक्टो., शुक्र

नीट लिहून काढते, नाहीतर माझा मलाच विश्वास बसायचा नाही.

संतोषने पूजेसाठी नवं रीळ पिशवीसकट मांडलेलं. इथपर्यंत ठीक. आय म्हणाली, पिशवीला कुंकू लावून काय उपयोग, देवीला माल दिसायला नको? फाड. ह्याने फाडली. मग आयचं लक्ष पिंजऱ्याकडे. "त्यान काय हाय?" हा म्हणाला, रिजेक्ट. आय म्हणाली, "सनाचे दिशी घरान कोनाला उपाशी ठेवतान का रं?" ते पण काढलं! त्याचीही पिशवी फाडली. आणि त्याच्या अंगावरचा लाल स्टिकर आयने स्वतः नखाने खरवडून काढला. का? तर सणाच्या दिवशी अंगावर ठपका नको.

पूजा झाल्यावर दोन्ही रिळं एका फळीवर. रिळावरचं लेबल एकच, लॉट नंबर एकच, टिळा पण एकाच हाताचा. खरं कुठलं आणि विठ्ठलवाडीचं कुठलं?

"आणि पिशव्या? स्टिकरवाली पिशवी कुठाय?"

संतोष खाली बघून म्हणाला, "मॅडम, निर्माल्यात. आय बोलली पूजेचं काही कचऱ्यात टाकायचं नाही."

मी खुर्चीवर बसले. हसायला आलं, खरंच. मग इतकं ओरडले की लाईनवरच्या बायका उठून बघायला आल्या. संतोष रडायला लागला. चांगला दोन मुलींचा बाप आहे. मग मीच त्याला पाणी दिलं.

४ ऑक्टो., शनि

सकाळी संतोषला घेऊन निर्माल्य शोधायला. आधी घाटावरच्या कलशात, तो रिकामा. तिथला माणूस म्हणाला गाडी घेऊन गेली, खत करतात तिथे बघा. तिथे गेलो. नऊ दिवसांच्या नवरात्रातला झेंडूचा डोंगर, आंबूस वास, वाफा निघताहेत. तिथल्या मावशींनी विचारलं, "काय हरवलं ताई, मंगळसूत्र?" म्हटलं, पिशवी. "कसली?" चंदेरी. त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, प्लॅस्टिक आम्ही पहिल्या दिवशीच वेगळं काढून देतो, गेलं ते. कामाला चोख, काय बोलणार.

तरी आम्ही दोघं बराच वेळ उकरत होतो. घरी येताना माणकोली पुलावर वारा लागला तेव्हा कळलं, ओढणीभर फुलं चिकटलेली. माजिवड्याला नेहमीचं तुंबलेलं. शेजारच्या रिक्षातली बाई माझ्याकडे बघून हात जोडून गेली. देवळातून आले वाटलं असेल.

६ ऑक्टो., सोम

दिवसभर मायक्रोस्कोप. दोन्ही रिळांतल्या चिप काढून ॲसिटोनच्या बोळ्याने छापील अक्षरं घासली. खोटी छपाई असेल तर निघते. दोन्हींची नाही निघाली. पाय बघितले, घासल्याच्या खुणा नाहीत. दोन्हींच्या चिप बोर्डांवर लावून चालवल्या. चालल्या. दोन्ही!

एखादी तरी बंद पडली असती तर बरं झालं असतं. मी बिघाडाची वाट बघत बसले होते, माझ्या उभ्या नोकरीत पहिल्यांदा.

शेठ मागे येऊन उभे राहिले. "मॅडम, दोन्ही चालतात. मग प्रॉब्लेम काय?"

म्हटलं, आज चालतात. उद्या कोणाच्या तरी हाताला सुई लावलेली असताना अर्ध्यात थांबल्या तर? किंवा जास्त औषध सोडलं तर? घासूनपुसून आणलेल्या जुन्या चिपचं काही सांगता येत नाही, म्हणून तर कागद मागतात.

"आय सांगते ना उजवीकडचं रीळ खरं. तिने आधी त्यालाच कुंकू लावलं, तिला पक्कं आठवतंय. ते घेऊ, दुसरं जाळून टाकू. विषय संपला."

"आणि पिशवी फाटली ते?"

"ते कोणाला सांगायचंय?"

त्यांनी तो अस्सलपणाचा कागद टेबलावर ठेवला. सहीची जागा पेन्सिलीने दाखवून ठेवलेली, जशी काही मला सापडली नसती.

८ ऑक्टो., बुध

सही केलेली नाही. कागद पर्समध्ये घेऊन फिरतेय. भाजी घेताना पर्स उघडली की तोच वर येतो.

आज आयकडे जाऊन आले, घरी. म्हटलं स्वतः ऐकते. अंगणात बोंबील वाळत घातलेले, मांजर हाकलत बसली होती. मला बघून खूश. मी विचारलं, आय, पक्कं आठवतंय ना? म्हणाली, "अगो, माजे हातानी लावलाय. उजवे हातचा रील खरा. पहिला मान त्याचा व्हता." मग म्हणाली: "मिठाचा असता तं चाखून सांगितला असता कुनाचे मिठागराचा. ह्ये कालं कालं काय चाखू?"

शपथेवर सांगते, माझा तिच्यावर विश्वास बसला, मान पण डोलावली. तिच्या डोळ्यांत काही लपवाछपवी नाही. पण मी विचारलं, उजवीकडे म्हणजे तुमच्या उजवीकडे की देवीच्या? तर म्हणाली, "माजे." आणि मग, "देवीचे?" मांजराला दगड मारला.

सुहासला सगळं सांगितलं. म्हणाला, "तू सही नाही केलीस तर नोकरी जाईल. केलीस तर झोप जाईल. तशीही तू झोपत नाहीयेस." वर म्हणे, "सही कर, निदान पगार तरी येईल." विनोद करतोय की खरंच म्हणतोय, कळेना. विचारलं तर म्हणाला, मलाही माहीत नाही.

मला भीती वाटते. लिहूनच टाकते. शेठची नाही, सप्र्यांची नाही. लाईनवरच्या बायकांची. दिवाळीआधी लाईन माझ्यामुळे थांबली तर त्यांच्याकडे बघायचं कसं?

९ ऑक्टो., गुरु

नवा कागद टाईप केला. काय झालं ते जसंच्या तसं. पूजा, पिशव्या, लाल स्टिकर, निर्माल्य. इंग्रजीत लिहिताना मजेशीर दिसत होतं, हसू येईना तरी. खाली सही केली. एक प्रत शेठच्या टेबलावर ठेवली आणि समोर उभी राहिले.

वाचलं. परत वाचलं. म्हणाले, "तुम्ही माझ्या आईला जगासमोर येडं ठरवताय."

म्हटलं, शेठ, नाव नाही घातलं तिचं.

"कंपनीत एकच आय आहे मॅडम, डोंबिवलीत कोणालाही विचारा."

मला वाटलं कागद फाडतील. नाही फाडला. माझ्याकडे परत दिला. "उद्या तुमच्या हातानेच द्या त्यांना. मी नाही देणार." बाहेर गेले, आणि गाडी न घेता चालत गेले, उन्हात.

१० ऑक्टो., शुक्र

सप्रे आले. पन्नाशीचे, बारीक, शर्टाच्या खिशात दोन पेनं. चहा नको म्हणाले, आधी स्टोअर दाखवा. स्टोअर बघायच्या आधीच मी कागद दिला, नाहीतर माझं अवसान गळालं असतं. उभ्याउभ्या वाचला. निर्माल्यापाशी आले तेव्हा चष्मा काढून पुसला. हसत होते की काय, कळलं नाही.

"वैजयंतीबाई, हे आपण होऊन सांगताय?"

हो म्हटलं.

"बरं." इतकंच.

एवढ्यात आय. कोणी बोलावलेलं नव्हतं. कोकम सरबताचा तांब्या घेऊन सरळ आत, मागून शेठ, "आये, थांब, आये." ती कसली थांबतेय. सप्र्यांपुढे उभी राहून: "सायेब, पोरीला काय बोलू नका. माजे पोराला बी नका बोलू. मीच पिशव्या उगडल्या. पन मना ठाव हाय, उजवे हातचा रील खरा. मी सांगतंय ना. माजा शबुद घ्या."

सप्रे तिला आजी म्हणाले, खुर्ची दिली, तिच्या हातचं सरबत प्यायले. "आजी, तुमच्यावर माझा अजिबात अविश्वास नाही." आणि मग माझ्याकडे वळले. इतक्या साध्या आवाजात विचारलं, जसं कोणी पत्ता विचारतं.

"बाई, तुम्ही आजींच्या शब्दावर सही कराल का?"

सगळे माझ्याकडे. शेठ, संतोष, काचेपलीकडे लाईनवरच्या बायका. आयसुद्धा. आणि ती मजेत बघत होती. तिला खात्रीच होती की मी हो म्हणणार. परवा तिच्या अंगणात मी मान डोलावली होती ना.

"नाही," म्हटलं.

ती उठली. तांब्या उचलला. सरबत अर्धं शिल्लक होतं, ते पण घेऊन गेली.

सप्रे जाताना म्हणाले, प्रत्येक चिपच्या पोटात तिचा स्वतःचा नंबर असतो. दोन्ही रिळांतले नमुने मूळ कंपनीकडे पाठवा, त्यांच्याकडच्या नोंदीशी जुळवतील. उत्तर येईपर्यंत एकही बोर्ड बनवायचा नाही. आमचं काय ते त्यानंतर. तोवर हो नाही आणि नाही पण नाही. मी विचारलं, उत्तर कधी येईल? म्हणाले, त्यांना आपल्याइतकी घाई नसते.

१३ ऑक्टो., सोम

नमुने गेले. दोन्ही रिळं लाल पिंजऱ्यात, दोन्हींवर लाल स्टिकर. खरं जे असेल ते पण. स्टिकर मी स्वतः लावला. त्यावरचा टिळा वाळून खडखडीत झालाय, बोट लावलं तर भुकटी पडते.

लाईन बंद. बायकांना अर्धी पाळी, साफसफाई आणि जुन्या बोर्डांची दुरुस्ती. डब्याच्या वेळी माझ्या टेबलावर नेहमी कोणीतरी लोणचं आणून ठेवायचं. आज नाही. असेल, संपलं असेल लोणचं.

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस

मेल नाही. रोज सकाळी माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये बसल्याबसल्या फोन उघडते, बंद करते, उघडते. गाडी चालवणारी देशपांडे (ती पण एमआयडीसीतच, पेट्रोल वाटून घेतो) म्हणाली, "अगं, घासून घासून काच जाईल."

शेठ आज पहिल्यांदा नीट बोलले. माझ्याकडे न बघता, मशीनच्या पट्ट्यावरून हात फिरवत. "भावकीतला एक जण काल घरी आलेला. म्हणाला जागा दे, टॉवर टाकू, कशाला ही डोकेदुखी." मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात? "म्हटलं, दिवाळीनंतर बघू." मग म्हणाले, "आय जेवत नाहीये नीट. बोलत पण नाही. मी बोललो आये, मॅडमचं कामच आहे ते. तर म्हणाली, मना म्हाईत हाय."

घरी येऊन सुहासला म्हटलं, मी चुकले का? म्हणाला, नाही. इतक्या पटकन म्हणाला की त्याचाच राग आला. चकली तळताना हात भाजून घेतला, वर दाढेची टोपी पण हलतेय. सगळं मलाच!

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन

मेल नाही. आज तर येणारच नव्हता, तरी बघितला.

संध्याकाळी कंपनीत पूजा. लाईनवरच्या सगळ्या जणी नटून आलेल्या, पोरंबाळं घेऊन. मी जावं की नाही ह्यातच दुपार घालवली. सुहास म्हणाला, "चल, मी येतो. मारलं तर दोघांना मिळून मारतील." गेलो.

वाटलं नव्हतं आय येईल. आली. स्टोअरच्या दारात जमिनीवर पिवळी पट्टी आहे, तिच्या आत चप्पल चालत नाही, हातात अंगातली वीज उतरवणारा पट्टा घालावा लागतो. इतकी वर्षं आय त्या पट्टीवरून बिनदिक्कत आत जायची, कोणाची हिंमत नव्हती तिला सांगायची. आज पट्टीच्या बाहेर थांबली. चपला काढल्या. हातात कुंकवाची डबी. सगळ्यांसमोर मला म्हणाली, "पोरी, तू सांग. कंचेला लावू न् कंचेला नको."

टोमणा म्हणावा तर आवाजात टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं. सगळ्यांना देणारी बाई, तिला मी विचारायला लावलं.

सांगितलं. मशीनला चालेल, बाहेरून. ओव्हनला चालेल. मायक्रोस्कोपला नको, झाकणाला लावा. ती मी सांगेन तसं करत गेली, एकेक ठिकाणी माझ्याकडे बघून, अंगठ्याने जपून. लाल पिंजऱ्यापाशी आली. आत दोन रिळं, लाल स्टिकर लावलेली. हात पुढे केला नाही. "ह्याना नको," ती स्वतःच म्हणाली.

मला राहवलं नाही. कपाळ पुढे केलं. म्हटलं, "आय, मला?"

तिने डबी बंद करता करता थांबवली. वर बघितलं.

"तुजी खात्री कोन देल?"

कोणी हसलं नाही. शेठ खाली बघत होते. काय सांगणार, एवढी वर्षं काम केलं? कागद आहेत?

मग तिनेच अंगठा कुंकवात बुडवला आणि माझ्या कपाळावर टेकवला, चांगला दाबून. "मी देतंय," म्हणाली. "चालंल ना तुना?"

चालेल म्हटलं.

घरी येऊन फोन बघितला. अजून काही नाही.